जुन्या पिकअपचा लाल होणारा मॅनिफोल्ड : दोन महिन्यांच्या नोंदी

गाडी २००९ ची, चार सिलिंडर, अडीच लिटर डिझेल, टर्बो (जळलेल्या वायूच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) असलेली. सिलिंडरना डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप जुन्या पद्धतीचा, म्हणजे सगळं काम मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर कुठेच नाही. साखरप्याजवळ आमचं गाव. माल भरायचा आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचं, हीच गाडीची मुख्य कमाई. एरवी नारळ, काजू बी आणि मार्च उजाडला की हापूसच्या पेट्या. पाडव्याच्या आत गाडी घाटाला लायक करायची एवढं ठरवून ही वही सुरू केली. असाच त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे.

११ फेब्रुवारी २०२४

रात्री पावणेदहा. नारळाची पोती भरून घाट चढलो आणि आंबा गावाच्या अलीकडे रंग जळल्यासारखा वास आला. बाजूला घेऊन बोनेट उघडलं. अंधारात मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा जळलेला वायू बाहेर नेणारा बिडाचा नळ्यांचा जोड, दिसत होता, बॅटरी न लावता. तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मध्ये गर्द लाल, विस्तवावर राख धरते तसा. शेजारून जाणाऱ्या वायरिंगचं प्लास्टिकचं कव्हर ओघळून चिकटलं होतं.

सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मागच्या वर्षीच्या पेट्यांमधला पेंढा वाऱ्याने उडून बोनेटखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कडेला अडकला होता. दोन काड्या टोकाला करपल्या होत्या. मॅनिफोल्डवरचा पत्रा पूर्वी कधीतरी बोल्ट तुटल्यावर काढून टाकलेला, तो परत बसवलाच नव्हता.

चुलतभाऊ पाण्याचा कॅन घेऊन धावला. त्याला थांबवलं. लाल झालेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा गेलाच म्हणून समजा. इंजिन पाच मिनिटं आयडलला ठेवलं आणि लाली उतरल्यावर बंद केलं. टर्बोच्या गाडीचं इंजिन घाट चढून आल्या आल्या बंद करायचं नाही, कारण गरम बेअरिंगमध्ये तेल जागच्या जागी जळतं.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा या सगळ्या वेळात अगदी मध्यावर होता.

१३ फेब्रुवारी

गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. 'तापते' एवढंच ऐकून त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, नवीन कुलंट भरलं. १,९५० रुपये आणि एक दिवस. रात्री रिकामी गाडी घेऊन गेलो तेव्हा लाल दिसला नाही, म्हणून समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीत पुन्हा तेच.

चूक माझी होती. काटा मध्यावर आहे हे मी त्यांना सांगितलंच नाही. काटा दाखवतो ते कुलंटचं तापमान. मॅनिफोल्डमधून जातो जळलेला वायू, त्याला कुलंटचा हात लागत नाही. इंजिन गार असताना मॅनिफोल्ड लाल असू शकतो, आणि तसा असेल तर शोधायचं ते जळणात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. पेट्रोलच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. पेट्रोलमध्ये मिश्रणात इंधन कमी पडलं तरी नळकांडं तापतं. डिझेलमध्ये उलट. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की धूर काळा होतो आणि एक्झॉस्ट तापतो.

१६ फेब्रुवारी

लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड गन मागवली, १,४०० रुपये. ५५० अंशांपर्यंत आकडा दाखवते, त्यापुढे नुसतं 'हाय'. स्वस्तात ३८० अंशांपर्यंतची मिळते, ती या कामाला उपयोगाची नाही.

पहिल्या दिवशीचे सगळे आकडे चुकीचे निघाले. घाटमाथ्यावर थांबून, बोनेट उघडून, बॅटरी शोधून मोजेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली आणि आकडा आला २४०. मला वाटलं, एवढंच? पुढच्या फेरीला भावाने चालू गाडीतच बोनेटचा खटका ओढून ठेवला आणि मी थांबताक्षणी उडी मारून मोजलं, तर आकडा दुपटीच्या वर. मॅनिफोल्डचं तापमान सेकंदागणिक उतरतं. दुसरं असं की गंजलेल्या बिडावर मोजलं तर आकडा बराच खरा येतो, चकचकीत नटावर किंवा पत्र्यावर मोजलं तर फार कमी येतो. लाल ठिपका जिथे दिसतो तेवढाच भाग गन मोजते असंही नाही. जवळ धरली नाही तर आजूबाजूचं धरून सरासरी देते. मी वीतभर अंतरावरून, प्रत्येक नळीच्या एकाच जागी, खडूने खूण करून मोजायला लागलो.

१८ फेब्रुवारी

आज मोजायची पद्धत पक्की केली. पुढचं सगळं काम हिच्यामुळेच झालं.

कधी पोती, कधी रिकामी, कधी दुपारचं ऊन असं मोजून काही कळत नव्हतं. घराच्या मागे जांभ्याचे चिरे पडून होते, त्यातले ३५ मोजून गाडीत भरले. वजनकाट्यावर नेऊन बघितलं (६० रुपये), १,०६० किलो. मग पहाटे पाच वाजता साखरप्यातून निघायचं, चढ लागला की दुसऱ्या गिअरला, जमेल तिथेच तिसरा, गायमुख मागे टाकून वर आंब्याला त्याच एका जागी थांबायचं. इंजिन चालू ठेवायचं आणि वीस सेकंदांत एक-दोन-तीन-चार या क्रमाने मोजायचं. प्रत्येक फेरीला तेच चिरे, तीच वेळ.

पहिले आकडे : ४३०, ४४५, हाय, ५१५. चढायला लागली ३१ मिनिटं. मागे धूर एवढा काळा की आरशात वळण दिसत नव्हतं.

२० फेब्रुवारी

दोन स्वस्त संशय आधी निकालात काढले.

एअर फिल्टर. महामार्गाच्या रुंदीकरणाची धूळ दोन वर्षं खातोय, फिल्टर झटकला तर लाल मातीचा ढीग पडला. नवीन घातला, ४८० रुपये. आकडे : ४२०, ४३०, हाय, ५००. थोडा फरक आहे, पण रोग हा नव्हे.

सायलेन्सर. आत पत्रा सुटून नळी तुंबली तरी मॅनिफोल्ड तापतो. नवीन सायलेन्सर विकत घेण्याऐवजी पुढच्या नळीचा जोड सैल करून वायूला बाहेर वाट करून दिली आणि एक फेरी मारली. आवाज भयंकर, म्हणून पहाटेच उरकलं. ४२०, ४३५, हाय, ५०५. म्हणजे सायलेन्सर मोकळा आहे. जोडाचं पॅकिंग ९० रुपये. हीच शंका सायलेन्सर बदलून फेडली असती तर चार-पाच हजार गेले असते.

२४ ते २७ फेब्रुवारी

आकड्यांकडे नीट बघितल्यावर लक्षात आलं की तिसरी नळी एकटीच फार पुढे आहे, आणि चौथी तिच्या शेजारची म्हणून तिच्या उष्णतेने वर गेलेली असणार. हवा कमी पडत असती तर चारही सारख्या तापल्या असत्या. एकच नळी पुढे असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. मग नोजल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतो तो) किंवा टप्पेट (वॉल्व्ह उघडणारा भाग).

टप्पेट आधी बघितले, त्याला फक्त फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि एक सकाळ लागते. एक्झॉस्ट वॉल्व्हची फट कमी असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आग बाहेर येते. चारही ठीक निघाले.

मग चारही नोजल काढून रत्नागिरीला डिझेल पंपवाल्याकडे नेले. टेस्टरवर तीन नोजल ठीक. डिझेलचं धुकं उडत होतं, आवाज खणखणीत. तिसरा लावला आणि पंपवाल्याने मला जवळ बोलावलं. फवारा संपल्यावर टोकाला एक थेंब जमत होता, फुगून खाली पडत होता, मग दुसरा. उघडण्याचा दाबही बाकीच्यांपेक्षा जवळपास ४० बार कमी. हा थेंब वेळ निघून गेल्यावर जळतो, एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडताना आग चालूच असते आणि ती मॅनिफोल्डमध्ये येते.

चार नोजलची तपासणी ८००, तिसऱ्याची नवी टीप दाबाच्या सेटिंगसह १,४५०, खालचे तांब्याचे वॉशर १२०. वॉशर जुने घालू नका, गळतात.

२७ तारखेची फेरी : ४२५, ४४०, ४६५, ४५५. तिसरी नळी लाईनीत आली. अंधारात बघितलं, लाली नाही. पण काळा धूर जसाच्या तसा, गाडी ओढायला तशीच जड, आणि चारही आकडे अजून खूप वर. अजून एक दोष होता आणि तो चारही सिलिंडरचा होता.

२ मार्च

आज काम काही केलं नाही, जुना हिशोब आठवत बसलो. गाडी ओढत नाही ही तक्रार नवीन नाही, दिवाळीनंतर सुरू झाली. डिसेंबरमध्ये एका गॅरेजवाल्याला मीच सांगितलं होतं, "घाटात दम टाकते, जरा पंप वाढवून द्या." त्याने दहा मिनिटांत पंपाचा स्क्रू फिरवून दिला, गाडी थोडी सुधारली, मी २०० रुपये दिले आणि विसरलो. आज पंपाकडे वाकून बघितलं. फुल लोडच्या स्क्रूवरचं (जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं ते ठरवतो तो) सील तुटलेलं, आटे घासून चकचकीत.

म्हणजे आधी कुठल्यातरी कारणाने ताकद गेली. कारण न शोधता डिझेल वाढवून घेतलं. हवा तेवढीच, डिझेल जास्त, म्हणून धूर आणि उष्णता. मूळ दोष अजून गाडीत आहे. पंप नुसता मागे फिरवला तर ताकदही जाईल आणि तो दोषही तसाच राहील. त्यामुळे पंपाला हात लावायच्या आधी हवा कुठे जाते ते बघायचं ठरवलं.

५ मार्च

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतची सगळी नळी डोळ्यांनी दोनदा तपासली होती, हाताने चाचपली होती. काही दिसलं नव्हतं. आज दाब भरून बघितलं.

सामान : टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसी पाइपची टोपी, तिला मध्ये भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह, एक होसचा तुकडा, दोन क्लॅम्प. एकूण ११० रुपये. एअर फिल्टरकडून येणारी नळी काढून टर्बोच्या तोंडावर ही टोपी घट्ट बसवायची आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरायची. १०–१२ पौंडांच्या वर जायचं नाही. मी पहिल्या वेळी क्लॅम्प एकच लावला आणि गेजकडे लक्ष न देता हवा सोडली. टोपी सुटून बोनेटवर अशी आपटली की पत्र्याला पोचा आला. तोंड समोर असतं तर काय झालं असतं हा विचार नंतर बराच वेळ डोक्यातून गेला नाही. दोन क्लॅम्प लावा, समोर उभे राहू नका.

दाब पूर्ण टिकत नाही. उघड्या वॉल्व्हमधून इंजिनात थोडी हवा जातेच. त्यामुळे काटा खाली येतो म्हणून घाबरायचं कारण नाही, आवाज ऐकायचा. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. वरचे दोन्ही जोड कोरडे. खालच्या होसला, इंटरकूलरच्या बाहेरच्या बाजूला पाणी लावलं आणि हाताएवढा फेस बाहेर आला.

होस काढून हातात घेतला. सरळ धरला तर नवीन वाटावा असा. वाकवला की आतल्या बाजूला तीन बोटं लांब फट उघडायची, सोडला की मिटायची. आतून रबर तेलाने फुगून मऊ झालेलं, नखाने खरवडलं तर काळा लगदा निघत होता. इंजिनच्या ब्रीदरचं (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं) तेल टर्बोतून नळीत येतं आणि सगळ्यात खालच्या वळणावर साठतं, ते नेमकं हेच वळण. उभ्या गाडीत फट मिटलेली. चढाला टर्बो दाब द्यायला लागला की उघडी. म्हणून दोनदा तपासूनही सापडली नव्हती.

८ मार्च

कापडी थरांचा सिलिकॉन होस १,१०० रुपये, टी-बोल्टचे चार क्लॅम्प ३६०. जुने पट्टीचे क्लॅम्प फेकून दिले. इंटरकूलर काढून डिझेलने आतून धुतला, पाव लिटरच्या आसपास तेल निघालं, दिवसभर उन्हात सुकवून बसवला. तेल आत राहू देऊ नका.

फेरी : ४४०, ४५५, ४८०, ४७०. चढायला २६ मिनिटं.

गाडी अशी चढली की ती आमचीच का असं वाटलं. चक्रीवळणानंतर चक्क तिसरा गिअर टिकला. धूर करडा. भाऊ म्हणाला, "दादा, झालं काम, आता हात लावू नकोस." पण आकडे कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. माझाही मोह होत होता, मोजलं नसतं तर मीही काम झालं असंच म्हटलं असतं. हिशोब सरळ आहे. या पंपाच्या डोक्यावर एक डायफ्राम असतो, टर्बोचा दाब मिळाला की तो डिझेल वाढवतो. फुटक्या होसमुळे त्याला दाबच मिळत नव्हता. आता मिळाला, आणि त्यावर डिसेंबरमध्ये फिरवलेला स्क्रू आहेच. दोन्हीकडून डिझेल वाढलं.

१२ ते १७ मार्च

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक आवाज, दहा मिनिटांनी बंद. मला टप्पेट वाटले. काजळीने जागा दाखवली : दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीच्या मध्ये, केसाएवढा तडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळी पिसं उमटल्यासारखी. बीड तापून पसरलं की तडा मिटतो, म्हणून आवाज थांबतो.

गाडीवरच बिडाच्या रॉडने वेल्डिंग करून घेतलं, ५०० रुपये. वेल्डर चांगला माणूस, त्याने आधीच सांगितलं होतं की मॅनिफोल्ड काढून, आधी सगळा तापवून मग करायला हवं, गाडीवर टिकणार नाही. माझी घाई. तिसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या कडेने नवीन तडा.

१९ ते २२ मार्च

मॅनिफोल्ड आणि पंप दोन्ही एकदमच काढायचं ठरवलं.

पंप काढायच्या आधी बॉडीवर आणि इंजिनच्या फ्लँजवर जुळणी कळावी म्हणून व्हाइटनरने रेघ मारली. ही रेघ पुढे महागात पडली, ते पुढे येईल. पंप रत्नागिरीला पोचवला. "शिमगा झाल्यावर बघतो," असं उत्तर मिळालं. होळी २४ ला. कामावरची पोरं गावाला, पालख्या घरोघर फिरायला निघालेल्या. कोकणात या आठ दिवसांत गॅरेजचं काम धरणं हेच चुकीचं, मला हे कळायला हवं होतं. माझ्या घरीही पालखी यायची होतीच.

मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला धरून ठेवणारे आठ स्टड. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला, तरी दोन तुटले. एकाचा सुताभर भाग बाहेर होता. त्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला, तो गार होताना हळूहळू मागेपुढे फिरवत काढला, सुटला. त्या वेल्डच्या उष्णतेनेच आटे सैल होतात. दुसरा हेडच्या बरोबरीने तुटला. तो मी हातातल्या ड्रिलने काढायला गेलो आणि भोक एक मिलिमीटर बाजूला सरकलं. मग गाडीजवळ लेथवाल्याला आणून, जाड पट्टीचं गाइड लावून भोक मोठं केलं आणि आट्यांचं इन्सर्ट बसवलं. ९०० रुपये, दीड दिवस. पाडायचंच असेल तर आधी सेंटर पंच मारा, छोट्या बिटने सुरुवात करा, आणि हात थरथरत असेल तर त्या दिवशी थांबा.

जुना मॅनिफोल्ड सपाट काचेवर ठेवला, एका टोकाला ०.७ मिलिमीटरचं फीलर सहज आत गेलं. उष्णतेने पिळला होता. कोल्हापूरला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तडा नसलेला मिळाला, २,८०० रुपये. केरोसिन लावून, पुसून, वर खडू फासून तपासला. तडा असेल तर केरोसिन खडूत उमटतं. फेसिंग (तोंड सपाट करून घेणं) ६००, पॅकिंग ४५०, नवे स्टड आणि तांब्याचे नट ३६०.

मॅनिफोल्ड टेबलावर होता तेव्हाच टर्बोच्या अलीकडे भोक पाडून, आटे मारून तापमानाचा प्रोब बसवला. त्याचं मीटर डॅशबोर्डवर, १,९०० रुपये. हे भोक मॅनिफोल्ड गाडीवर असताना पाडू नका, लोखंडाचा बारीक कीस टर्बोच्या पंख्यात जातो.

१ एप्रिल

पंप मिळाला, ४,८०० रुपये. टेस्ट बेंचवर फुल लोडचं डिझेल तक्त्यापेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त निघालं. पंपवाल्याने ते मूळ मापावर आणलं, डायफ्राम बदलला, नवं सील लावलं. मी विचारलं, घाटासाठी थोडं जास्त ठेवता येईल का? तो म्हणाला, "हवेचा होस आता धड आहे ना? मग एवढंच पुरे आहे. चढवून बघा, नाही पटलं तर परत या."

३ ते ५ एप्रिल

मॅनिफोल्ड बसवला. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले. पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा.

पंप बसवताना बघतो तर व्हाइटनरची रेघ गायब. डिझेलने विरघळून नुसता पांढरट डाग राहिला होता. अंदाजाने जुळवला. मग लाईनमधली एअर काढण्यात अर्धा दिवस. सुरू झाली, पण गार असताना पांढरा धूर आणि आवाज मऊ. फेरी : ४०५, ४१५, ४३०, ४२५. मीटर ६९०. डिझेल कमी होऊनही एवढं, म्हणजे टायमिंग मागे पडलेलं. डिझेल उशिरा पडलं की जळणं उशिरा संपतं आणि उष्णता पिस्टनवर खर्च व्हायच्या ऐवजी मॅनिफोल्डमध्ये येते. तिसऱ्या नोजलच्या थेंबानेही हेच केलं होतं.

गावातल्याच मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी डायल गेज लावून पंप इंजिनच्या बाजूला दोन मिलिमीटर फिरवून टायमिंग बसवलं. पंपाच्या कामाची त्यांची सगळी मिळून मजुरी १,५००. नंतर छिन्नीने बारीक खूण मारून दिली. "लोखंडावर खूण लोखंडानेच करायची," म्हणाले. फेब्रुवारीत मी अर्धवट सांगून त्यांचं नाव मनातल्या मनात खराब केलं होतं, ते त्यांना सांगून टाकलं.

६ एप्रिल

मॅनिफोल्डवर स्टीलचा पत्रा कापून घेतला, ५५० रुपये. बिडापासून बोटभर अंतर ठेवून, जुन्या तुटक्या बोल्टच्या जागी क्लॅम्पने धरला. जीआयचा पत्रा घेऊ नका, तापला की जस्ताचा धूर येतो. वितळलेल्या वायरिंगचा तुकडा बदलून उष्णता सहन करणारी नळी चढवली. फायरवॉलच्या कडेचा सगळा पेंढा चिमट्याने वेचून काढला, मूठभर निघाला.

७ एप्रिल

३५ चिरे, पहाटे पाच. ३३५, ३५०, ३६५, ३५५. मीटर जास्तीत जास्त ६२०, तेही गायमुखाच्या वळणावर, दुसऱ्या गिअरला. २८ मिनिटं. होस फुटका असताना ३१ लागत होती, डिझेल जास्त असताना २६. ही दोन मिनिटं मी आनंदाने सोडली. आरशात धूर नाही, मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

खर्च मांडला. आधी लिहिलेलं सगळं आणि चाचणीच्या नऊ फेऱ्यांचं सुमारे २,५०० रुपयांचं डिझेल धरून २४,७८०. यातले थर्मोस्टॅटचे १,९५०, वेल्डिंगचे ५०० आणि स्टडचे ९०० माझ्या घाईचे. शिवाय तीन आठवडे गाडी उभी, त्या काळातली भाडी दुसऱ्यांना गेली. दाबाची चाचणी ११० रुपयांची होती. ती डिसेंबरमध्ये, पंप वाढवायच्या आधी केली असती तर नोजल सोडून बाकी सगळं १,४६० च्या होस आणि क्लॅम्पवर मिटलं असतं.

९ एप्रिल, पाडवा

पहिल्या हापूसच्या ४२ पेट्या. निघायच्या आधी आईने बोनेटला हळद-कुंकू लावलं. मीटरवर लक्ष ठेवून चढलो. ६५० च्या पुढे काटा गेला तर एक गिअर खाली घ्यायचा आणि पाय उचलायचा असं ठरवलं होतं, वेळ आली नाही. माथ्यावर तीन मिनिटं आयडलला ठेवली. बोनेट उघडून अंधारात बघितलं. काहीच दिसलं नाही, बॅटरी लावावी लागली.

२० एप्रिल

सहा फेऱ्या झाल्या. थंड इंजिनावर मॅनिफोल्डचे नट तपासले, टोकाचे दोन पाव फेरा आवळले गेले. खालचा होस काढून आत बोट फिरवलं, पुन्हा तेल लागलं. ब्रीदरची नळी थेट टर्बोच्या तोंडाला जाते, तिच्या वाटेत एक तेल साठवायची डबी लावायची आहे. पावसाआधी ते करतो. आज रात्री ५५ पेट्या आहेत.